पॅलेस्टाइनचा अभ्यास: आधी ओळखपत्र, मग झेंडा

पॅलेस्टाइनबद्दल वाचायला बसलेला मराठी माणूस सहसा दोन टोकांपैकी एक पकडतो. एक तर बायबलच्या काळापासून सुरुवात, नाहीतर परवाच्या बॉम्बहल्ल्यापासून. पहिल्या वाटेने 1917पर्यंत पोचता पोचताच दम निघतो. दुसऱ्या वाटेने मृतांचे आकडे हाती लागतात, पण ती माणसं कशी जगत होती हे काही कळत नाही. एम.ए.ला पश्चिम आशिया घेतलेला विद्यार्थी असो, वार्ताहर असो की नुसता चौकस वाचक, ज्याला हा समाज, त्याचं राजकारण आणि संस्कृती नीट समजून घ्यायची आहे, त्याने पहिल्या काही महिन्यांत काय करावं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे सांगायचं आहे.

त्याआधी एक विनंती. आपल्याकडची हिंदू-मुस्लिम भांडणं दाराबाहेर काढून ठेवा. मराठी घरांतल्या गप्पांत पॅलेस्टाइनचा विषय निघाला की पाच मिनिटांत तो भारतावर येतो, आणि मग ना तिकडचं कळतं ना इकडचं. बेथलेहेम, बेत जाला, बेत साहूर ही गावं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती वस्तीची. नाब्लुसजवळच्या गरिझिम डोंगरावर शोमरोनी नावाचा काही शे माणसांचा प्राचीन समाज अजून नांदतो. एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मे पूर्वग्रह गळून पडतात.

पायरी पहिली: ‘कुठला पॅलेस्टिनी?’ हे विचारायला शिका

‘पॅलेस्टिनी लोकांना काय वाटतं?’ हा नवख्याचा प्रश्न. अभ्यासकाचा प्रश्न असतो, ‘कुठल्या पॅलेस्टिनी माणसाला?’ कारण खिशात कुठलं ओळखपत्र आहे यावर त्याचं सगळं आयुष्य ठरतं: कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे नोकरी करायची, लग्न कुणाशी जमेल, मत कुणाला द्यायचं.

वेस्ट बँक आणि गाझामधल्या माणसाकडे हिरव्या कव्हरातलं ओळखपत्र असतं. ते देतं पॅलेस्टिनी प्राधिकरण, म्हणजे पॅलेस्टिनींचं मर्यादित अधिकारांचं सरकार, पण लोकसंख्येची मूळ नोंदवही इस्रायलच्या ताब्यात. पूर्व जेरुसलेमच्या माणसाचं कव्हर निळं. तो इस्रायलचा ‘कायम रहिवासी’ आहे, नागरिक नाही. आपल्या जगण्याचं केंद्र जेरुसलेमच आहे हे त्याला वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, मुलांच्या शाळेचे दाखले दाखवून पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं. 1967पासून 14,000हून अधिक लोकांचा हा रहिवास रद्द झालेला आहे. तिसरा गट हैफा, नाझरेथ, उम्म अल-फहम इथल्या लोकांचा. हे इस्रायलचे पूर्ण नागरिक, देशाच्या लोकसंख्येत साधारण पाचातला एक. मतदान करतात, संसदेत जातात, पण 1966पर्यंत त्यांच्यावर लष्करी प्रशासन होतं. आणि चौथे बाहेरचे. त्यांच्यातही जॉर्डनमधल्या बहुतेकांना नागरिकत्व मिळालं, सीरियात नागरिकत्वाविना बरेचसे हक्क मिळाले, लेबनॉनमध्ये कित्येक व्यवसाय बंद आणि 2001पासून मालमत्ता विकत घ्यायलाही मनाई.

एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. मुलगी पूर्व जेरुसलेमची, मुलगा रामल्लाचा. दोन गावांत पंधरा-वीस किलोमीटरचं अंतर. लग्नानंतर राहायचं कुठे? तो जेरुसलेमला राहायला आला तर परवाना हवा, आणि 2003च्या इस्रायली कायद्याने तो मिळणं फार अवघड करून ठेवलंय. ती रामल्लाला गेली तर तिचा रहिवास धोक्यात. अशी जोडपी मग शहराच्या हद्दीतल्या पण इस्रायलने उभारलेल्या भिंतीपलीकडे पडलेल्या कुफ्र अकबसारख्या वस्तीत घर बघतात. तिथे इमारती एकमेकींना चिकटून का उभ्या आहेत याचं कारण वास्तुशास्त्रात शोधू नका, लग्नाच्या नोंदणीत शोधा.

ही विभागणी डोक्यात बसल्याशिवाय पुढचं काही वाचू नका. पुस्तक, बातमी, सिनेमा, काहीही समोर आलं की वहीत आधी टिपायचं: हा माणूस कोणत्या कागदावर जगतो?

पायरी दुसरी: नकाशे, पण एकमेकांवर ठेवून

चार नकाशे मिळवा. ब्रिटिश अमदानीतल्या 1940च्या दशकातला सर्वेक्षणाचा नकाशा, 1947च्या फाळणी योजनेचा, 1949च्या युद्धबंदी रेषेचा, आणि इस्रायल व पॅलेस्टाइन मुक्ती संघटना यांच्यातल्या ओस्लो करारानंतरचा, वेस्ट बँकच्या अ-ब-क विभागांचा. जुने ब्रिटिश नकाशे इंटरनेटवर आजच्या उपग्रहचित्रांवर ठेवून बघता येतात. ताजे नकाशे संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी समन्वय कार्यालय काढतं. त्यात तपासनाके, भिंत, फाटकं सगळं असतं.

1995च्या दुसऱ्या ओस्लो करारानुसार ‘अ’ विभाग म्हणजे मोठी शहरं, तिथे कारभार आणि सुरक्षा दोन्ही प्राधिकरणाकडे. ‘ब’मध्ये कारभार प्राधिकरणाचा, सुरक्षेवर अखेरचा शब्द इस्रायलचा. ‘क’ पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात, आणि वेस्ट बँकचा सुमारे 60 टक्के भाग ‘क’ आहे. ही व्यवस्था ठरली होती पाच वर्षांपुरती, आजही तीच चालू आहे. नकाशात अ आणि ब हे ‘क’च्या समुद्रात विखुरलेल्या बेटांसारखे दिसतात. ते एकदा बघितलं की ‘पॅलेस्टाइन सरकार अमुक का करत नाही’ असे प्रश्न आपोआप कमी होतात.

गाझा पट्टी सगळी मिळून 365 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून लहान. लांबी साधारण 41 किलोमीटर.

तारखा: थोड्याच, पण पक्क्या

सनावळी पाठ करण्यात फार वेळ घालवू नका. ज्यूंच्या राष्ट्रीय निवासाला ब्रिटिशांनी पाठिंबा दिला ते 1917चं बाल्फोर जाहीरनामापत्र, 1936 ते 39चं ब्रिटिशांविरुद्धचं बंड, 1948, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेले ते 1967चं युद्ध, डिसेंबर 1987चा पहिला इंतिफादा म्हणजे उठाव, 1993चा ओस्लो करार, 2000चा दुसरा इंतिफादा, हमासने गाझा ताब्यात घेतल्यावरची 2007ची गाझा-वेस्ट बँक फाटाफूट, 7 ऑक्टोबर 2023चा हमासचा हल्ला. एवढ्या खुंट्या पुरे, बाकीचं त्यांवर टांगता येतं.

यांतल्या 1948वर मात्र थांबा. सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादाराला मुकले, चारशेच्या वर गावं ओस पडली. याला ते ‘नकबा’ म्हणतात. इस्रायलसाठी तेच स्वातंत्र्ययुद्ध. लोक का गेले, किती हाकलले गेले, किती भीतीने पळाले, यावर दशकांचा वाद आहे. 1980च्या दशकाअखेरीस इस्रायली दप्तरखान्यांतले कागद उघडल्यावर बेनी मॉरिस, आवी श्लाइम, इलान पापे या इस्रायली इतिहासकारांनी जुनी अधिकृत मांडणी मोडीत काढली. गंमत अशी की त्यांचं आपसातही पटलं नाही. एकाच शहराबद्दल मॉरिस काय म्हणतात आणि पापे काय म्हणतात, हे शेजारी शेजारी ठेवून वाचणं हा नवख्यासाठी उत्तम व्यायाम आहे. पॅलेस्टिनी इतिहासकार वालिद खालिदी यांनी ओस पडलेल्या गावांची जी गाववार नोंद सिद्ध केली तीही सोबत हवी.

भारताचा धागा इथेच सापडतो. 1947मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या अकरा देशांच्या समितीत भारत होता. इराण आणि युगोस्लाव्हियासोबत त्याने फाळणीऐवजी संघराज्याची सूचना केली आणि 29 नोव्हेंबरला ठरावाविरुद्ध मत दिलं. आपली स्वतःची फाळणी होऊन तेव्हा जेमतेम साडेतीन महिने झाले होते.

पायरी तिसरी: एक गाव धरा

माझं ठाम मत आहे की नवख्याने ‘पॅलेस्टाइन’ नावाचा देश अभ्यासायला घेऊ नये, एक गाव घ्यावं. वर्षभर त्याच्याच मागे लागावं. नाब्लुस घ्या, गाझा शहर घ्या, बलाता ही निर्वासित छावणी घ्या. उदाहरणादाखल बत्तीर घेतो.

बत्तीर हे जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला, बेथलेहेमच्या पश्चिमेला डोंगरउतारावरचं गाव. दगडी बांध घालून केलेली पायऱ्यापायऱ्यांची शेती, ऑलिव्ह आणि द्राक्षं, आणि आसपासच्या बाजारांत नाव असलेली वांगी. झऱ्याचं पाणी रोमनकाळापासूनच्या हौदात साठतं आणि पाटांनी शेतांवर जातं. पाणीपाळी आठ कुळांची, रोज एकाची. म्हणून बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा असतो असं गमतीने म्हणतात. ‘हमूला’ म्हणजे कूळ-भाऊबंदकी ही पॅलेस्टिनी समाजाची मोठी गुरुकिल्ली, आणि ती पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या पाटावर लवकर समजते.

आता त्याच गावातून राजकारण बघा. 1892मध्ये सुरू झालेला जाफा-जेरुसलेम लोहमार्ग गावाच्या पायथ्याशी जातो. 1948च्या लढाईत बहुतेक लोक गाव सोडून गेले. हसन मुस्तफा नावाचे गावकरी थोड्या सोबत्यांसह मागे राहिले, रात्री रिकाम्या घरांत मेणबत्त्या लावत आणि सकाळी गुरं बाहेर काढत, म्हणजे गाव नांदतं आहे असं दुरून वाटावं, असं सांगतात. 1949मध्ये रेषा आखली तेव्हा लोहमार्ग इस्रायलला हवा होता. तडजोड अशी निघाली: रुळांपलीकडची आपली शेतं गावकऱ्यांनी कसत राहायची, बदल्यात रेल्वेला धक्का लावायचा नाही. ती बात दोन्ही बाजूंनी पाळली गेली.

मग आली भिंत. 2000नंतर इस्रायलने उभारायला घेतलेल्या भिंतीचा मार्ग या पायऱ्यांतून जाणार होता. गावकरी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि इस्रायलच्याच निसर्ग व उद्यान प्राधिकरणाने गावाच्या बाजूने म्हणणं मांडलं. 2014मध्ये युनेस्कोने बत्तीरचा परिसर जागतिक वारसा म्हणून, तोही संकटग्रस्त वारशाच्या यादीत, नोंदवला. 2015च्या आरंभी भिंतीचं काम तिथे थांबलं. घरं बहुतांशी ‘ब’ विभागात, शेतं बहुतांशी ‘क’ विभागात, त्यामुळे आसपासच्या इस्रायली वसाहतींचा दबाव मात्र चालूच आहे.

एका गावात तुम्हाला ओटोमन रेल्वे, युद्धबंदी करार, ओस्लो, भिंत, इस्रायली न्यायव्यवस्था, युनेस्को आणि भाऊबंदकी इतकं सगळं भेटलं. त्यातला कुठलाही धागा पकडून बाहेर पडा.

पायरी चौथी: जमिनीचे कागद

हा भाग बरेच अभ्यासक टाळतात, कारण कंटाळवाणा आहे. ज्याने तलाठ्याच्या कचेरीत सातबाऱ्यासाठी खेपा घातल्यात त्याला मात्र तो चटकन कळेल. कसणारा एक, कागदावर दुसराच, आणि फेरफार पिढ्यान्‌पिढ्या झालेलाच नाही, ही कथा आपल्या ओळखीची आहे.

1858च्या ओटोमन जमीन कायद्याने नोंदणी सक्तीची केली. शेतकऱ्याला दोन भीती होत्या, कर आणि लष्करभरती. म्हणून कुणी नोंदच टाळली, कुणी गावच्या बड्या असामीच्या किंवा शहरातल्या व्यापाऱ्याच्या नावावर जमीन चढवू दिली. पुढे बैरूतच्या सुरसुक घराण्यासारख्या दूरच्या मालकांनी मर्ज इब्न आमिर खोऱ्यातल्या मोठ्या जमिनी ज्यू संस्थांना विकल्या, आणि कसणारी कुळं उठली. ‘जमिनी त्यांनी विकल्याच होत्या की’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकाल. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं नसून ‘कुणी विकल्या आणि उठलं कोण’ असं आहे. आणि 1948पर्यंत विकली गेलेली जमीन एकूण क्षेत्राच्या तुलनेत थोडीच होती, हेही सोबत लक्षात ठेवा.

त्याच कायद्यातली आणखी एक तरतूद आजही जिवंत आहे. ‘मीरी’ जमिनीवर कसणाऱ्याचा वहिवाटीचा हक्क, अंतिम मालकी राज्याची. सलग तीन वर्षं पडीक ठेवली तर राज्य ती परत घेऊ शकतं. 1979मध्ये एलोन मोरे खटल्यात इस्रायली न्यायालयाने वसाहतीसाठी खासगी जमीन लष्करी गरजेच्या नावाखाली घेण्याला चाप लावला. त्यानंतर प्रशासनाने हा ओटोमन दरवाजा उघडला आणि मोठाले पट्टे ‘सरकारी जमीन’ म्हणून जाहीर केले. जॉर्डनच्या काळात सुरू असलेली जमीननोंदणी इस्रायलने 1968मध्ये स्थगित केली होती. तोवर वेस्ट बँकच्या जेमतेम एक तृतीयांश जमिनीची नोंद पुरी झालेली, त्यामुळे उरलेल्यांच्या हाती कराच्या पावत्या आणि शेजाऱ्यांची साक्ष एवढंच. अहवालांत जमीन ‘दुनम’मध्ये असते. एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, जवळपास दहा गुंठे.

राजकारण: दोन संस्था, एक गोंधळ

पॅलेस्टाइन मुक्ती संघटना आणि पॅलेस्टिनी प्राधिकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संघटना 1964ची, जगभरच्या सगळ्या पॅलेस्टिनींची प्रतिनिधी म्हणवणारी. भारताने तिला 1974मध्ये मान्यता दिली, अरब देशांबाहेर सर्वात आधी. प्राधिकरण 1994चं, ओस्लोतून जन्मलेलं, फक्त वेस्ट बँक आणि गाझापुरतं. फतह हा पक्ष दोन्हींत वरचढ. 1987मध्ये स्थापन झालेली हमास ही इस्लामी संघटना मुक्ती संघटनेत नाहीच. इस्रायलशी करारमदार करते ती संघटना, पगार वाटतं ते प्राधिकरण. हे मिसळलं की सगळं विश्लेषण कोसळतं.

जानेवारी 2006ची निवडणूक बारकाईने अभ्यासण्यासारखी आहे. हमासला 132पैकी 74 जागा, फतहला 45. पण देशभरच्या पक्षयादीला पडलेल्या मतांत अंतर होतं फक्त 44 विरुद्ध 41 टक्के. निम्म्या जागा जिल्हावार होत्या आणि फतहच्या बंडखोरांनी तिथे आपलीच मतं फोडली. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं समजावायला नको. त्यानंतर संसदेची निवडणूक झालेली नाही. महमूद अब्बास 2005मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले होते, आणि 2021ची जाहीर झालेली निवडणूक पूर्व जेरुसलेममधल्या मतदानाचं कारण देऊन त्यांनी पुढे ढकलली. म्हणून गाझातल्या किंवा वेस्ट बँकेतल्या तरुणाच्या मताबद्दल ‘यांनीच हमासला निवडून दिलं’ असं लिहिण्याआधी त्याचं वय विचारा.

जनमत जाणून घ्यायला रामल्लातलं खलील शिकाकी यांचं सर्वेक्षण केंद्र उपयोगी आहे. मथळा वाचून थांबू नका. प्रश्नाची शब्दरचना बघा आणि गाझा व वेस्ट बँकचे आकडे वेगळे वाचा. दोन्हीकडची मतं पुष्कळदा उलट दिशेने हलतात.

भाषा

इंग्रजीवर बरंच वाचून होईल, पण माणसं कळायची तर अरबी हवी. मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे, दिल्लीत जेएनयू आणि जामियामध्ये पश्चिम आशियाचा स्वतंत्र अभ्यासही होतो. वर्गात शिकाल ती प्रमाण अरबी; रस्त्यावरची शामी (सीरिया-लेबनॉन-पॅलेस्टाइनकडची) बोली वेगळी शिकावी लागते. कॉफीला शहरी माणूस ‘अहवे’, कित्येक खेड्यांतला ‘कहवे’, वाळवंटातला बदू ‘गहवे’ म्हणतो. पहिल्याच कपात समोरच्याचा वर्ग आणि गाव कळून जातं.

पायरी पाचवी: कथा, टाके, ताट

साहित्य वाचताना पहिल्या पायरीवरचा प्रश्न परत विचारा. घसान कनफानी अक्काचा, निर्वासित होऊन बैरूतला पोचलेला, 1972मध्ये तिथेच मारला गेलेला. एमिल हबीबी हैफात राहिलेला, इस्रायली संसदेत बसलेला. त्याने 1992मध्ये इस्रायलचा सर्वोच्च साहित्यसन्मान स्वीकारला तेव्हा केवढा गदारोळ झाला. सहर खलीफा नाब्लुसची, ताब्याखालच्या शहरातल्या बायकांबद्दल लिहिणारी. महमूद दरवीशचं बिरवा हे जन्मगावच नाहीसं झालेलं. चौघांना ‘पॅलेस्टिनी लेखक’ या एका कप्प्यात कोंबलंत तर त्यांच्यातला वाद ऐकूच येणार नाही.

‘तत्रीज’ हे भरतकाम 2021पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. जाणत्या बाईला पूर्वी छातीवरच्या नक्षीवरून नेसणारीचं गाव ओळखता येई. निर्वासित छावण्यांत नाना गावच्या बायका एकत्र आल्या आणि नक्ष्या मिसळल्या. पहिल्या इंतिफाद्यात झेंड्यावर बंदी होती तेव्हा झेंड्याचे रंग आणि नकाशा थेट झग्यावर आले. संग्रहालयांची छायाचित्रं बघताना सनावळ लावून बघा, विसाव्या शतकाचा निम्मा इतिहास टाक्यांत सापडतो. बीरझेतच्या पॅलेस्टाइन संग्रहालयाचा डिजिटल संग्रह यासाठी छान आहे.

खाण्याकडे ‘सांस्कृतिक रंगत’ म्हणून बघू नका. नाब्लुसची कनाफे ही चीजची मिठाई, ऑलिव्ह तेलात निथळणारं कोंबडी-रोटीचं मुसखन, झातर ही ओव्याच्या वासाची रानवनस्पती, यांतल्या प्रत्येकामागे जमीन, परवाने आणि बाजारपेठ आहे. रानातला झातर खुडायला इस्रायलने 1977मध्ये संवर्धनाच्या कारणाने मनाई केली, आणि त्यावरून लोकांना दंड झाले.

एक आडवाट. अरब जगाबाहेरची सर्वात मोठी पॅलेस्टिनी वस्ती चिलीत आहे, बहुतेक मूळची बेथलेहेम परिसरातली ख्रिस्ती कुटुंबं. त्यांचा पालेस्तिनो हा फुटबॉल क्लब 1920चा, इस्रायल राष्ट्राहूनही जुना.

आकडे आणि शब्द

प्रत्येक आकड्यापुढे ‘कुणी मोजलं’ हे लिहा. ऑक्टोबर 2023च्या हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1,200 जण मारले गेले, सुमारे 250 ओलीस नेले गेले. त्यानंतरच्या युद्धात गाझात 60,000हून अधिक मृत्यू झाल्याची तिथल्या आरोग्य मंत्रालयाची नोंद आहे. ही नोंद लढवय्ये आणि सामान्य नागरिक असा भेद करत नाही, आणि ढिगाऱ्याखालचे सगळे तिच्यात येत नाहीत. दोन्ही मर्यादा एकदम लक्षात ठेवायच्या. लोकसंख्येसाठी पॅलेस्टिनी सांख्यिकी संस्थेच्या 1997, 2007 आणि 2017च्या जनगणना, मानवी हक्कांसाठी रामल्लाची अल-हक आणि जेरुसलेमची बेत्सेलेम यांचे अहवाल, वसाहतींसाठी पीस नाऊ या इस्रायली संघटनेचे आकडे. मग त्यांवरचा इस्रायली सरकारचा आक्षेपही मुळातून वाचा.

आपले दुवे, आणि प्रत्यक्ष जाणं

इस्रायलच्या मुख्य, बेन गुरियन विमानतळाला खेटून लोद हे शहर आहे. जुलै 1948मध्ये लोद (तेव्हाचं लिद्दा) आणि शेजारच्या रामलेतून 50,000हून अधिक पॅलेस्टिनी हाकलले गेले. नंतर तिथे वसवलेल्या ज्यू स्थलांतरितांत कोकणातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायलही होते. लोदमध्ये आज मराठी बोलणारी म्हातारी माणसं भेटतात आणि पलीकडच्या गल्लीत शहरातच टिकून राहिलेली पॅलेस्टिनी कुटुंबं. अलिबाग-पेणहून निघालेली माणसं या शहरात कशी रुजली आणि शेजाऱ्यांशी त्यांचं नातं काय राहिलं, यावर मराठीतून काम व्हायला हवं. भाषा येणारा संशोधक आपल्याकडेच मिळेल. जुन्या जेरुसलेममध्ये सूफी संत बाबा फरीदांच्या नावाची भारतीय सराई आहे, 1924पासून सहारनपूरचं अन्सारी घराणं ती सांभाळतं.

जायचं असेल तर पॅलेस्टाइनचा वेगळा व्हिसा नसतो. विमानतळ असो की जॉर्डनकडून येणारा अ‍ॅलनबी पूल, प्रवेश इस्रायलच्या हातात. रामल्लात भारताचं प्रतिनिधी कार्यालय आहे, पोचल्यावर तिथे नोंद करा. मुलाखतींच्या टिपणांत खरी नावं लिहू नका, फोनमध्ये चेहऱ्यांचे फोटो साठवू नका; नाक्यावर फोन तपासला गेला तर तुम्ही घरी परत याल, समोरच्याचा कामाचा परवाना जाईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी असते. त्या दिवसांत कुणी मुलाखतीला बसणार नाही, उलट शेतावर चला म्हणतील. वसाहतवाल्यांचे हल्ले याच हंगामात वाढतात, म्हणून कुठल्या शेतावर, कुणासोबत आणि परतीची वाट कोणती, एवढं आदल्या रात्री यजमानांना विचारून घ्या, आणि पूर्ण बाह्यांचा जुना सदरा बरोबर न्या.